जुन्या दारावरची सेनाइदा

कागद माझ्या जाकिटात दोन महिन्यांहून जास्त पडून होता. हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगू म्हटलं तर मी इकडचं तिकडचं बोलून ते मधेच कुठेतरी दाबून टाकीन. माझा मला भरवसा नाही.

कागद सेनाइदा चुम्पितासचा. सेनाइदा मावशीचा. विमानतळावर सगळेच तिला मावशी म्हणायचे. टॅक्सीवाले, झाडूवाल्या, गार्ड, आणि तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले, जवाचा काढा विकणारे एलेउतेरिओ काकासुद्धा. लोक म्हणतात लिमाचा विमानतळ. लिमाचा कसला? शेजारच्या बंदराच्या गावात, आमच्या कायाओत आहे तो. विमानं आमच्या डोक्यावरून जातात, खिडक्या आमच्या थरथरतात, आणि नाव मात्र लिमाचं.

मावशीचं काम बॅगांचं. आत विमान कंपनीच्या काउंटरवर तुमची बॅग जास्त भरली की दंड. म्हणून आत शिरायच्या आधी लोक मावशीकडे यायचे. ती बॅग आपल्या लटकत्या वजनकाट्याला अडकवायची, डोळे बारीक करून बघायची आणि म्हणायची, "सव्वीस. तीन किलो तुझ्या आईनं कोंबलेत." मग बॅग उघडायची. सगळं बाहेर. मिरच्या मोज्यात, मोजे बुटात, बूट कडेला, चीज मधोमध. तेवढंच सामान तिच्या हातात लहान व्हायचं. मग वरून दोरी, अशी करकचून की उतरल्यावर सोडवायला सुरी लागावी.

काटा तिनं बंदरावरच्या एका मासेवाल्याकडून घेतलेला. त्याला वास यायचाच. एकदा मिराफ्लोरेसची एक श्रीमंत बाई नाकाला रुमाल लावून म्हणाली, "शी, याला माशांचा वास येतो."

मावशी म्हणाली, "बाई, या काट्याला तुमच्याहून मोठाले मासे लटकून गेलेत. एकानं तक्रार केली नाही."

मी गिऱ्हाईक ओढते. दिवसभर "टॅक्सी, टॅक्सी, सेंटरला टॅक्सी" ओरडायचं, माणूस धरायचा, गाडीत बसवायचा, ड्रायव्हर मला माझं देतो. शाळा मी तिसरीतच सोडली, म्हणजे मोठ्या शाळेतल्या तिसरीत. सर माझ्या आईबद्दल काहीतरी बोलले, मी खुर्ची फेकली. त्यावर अजून काय सांगायचं? सोळाव्या वर्षी विमानतळावर आले आणि पहिल्याच आठवड्यात गार्डनं दंड धरला. जुन्या टॅक्सीवाल्यांनीच चुगली केली होती, त्यांना नवीन तोंड नको होतं. गार्ड मला ओढत नेत होता तेव्हा मावशी स्टुलावरून उठली.

"सोड तिला. माझी भाची आहे."

"मावशी, तुला किती भाच्या आहेत गं?"

"तू जेवढ्यांना धरशील तेवढ्या."

गार्ड हसला आणि हात सोडला. मावशीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "सुकडे, आधी काहीतरी खा. तुला काट्याला लावलं तर काटा हलणारसुद्धा नाही." तेव्हापासून मी सुकडी. माझं नाव याहाइरा आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं.

तेव्हापासून तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं की मी सोडलं नाही. बॅगांना प्लास्टिक गुंडाळायचं मशीन आलं तेव्हा मशीनवाला म्हणाला, "म्हातारीची दोरी आता काचेच्या कपाटात ठेवा." मी गरम काढ्याचा ग्लास त्याच्या बुटांवर ओतला. मुद्दाम. पुढे तीन दिवस तो चपला घालून आला.

आणि एवढं सगळं करून शेवटी तिला बुडवलं कोणी? मीच.

मावशीची गोष्ट म्हणजे त्या इमारतीचीच गोष्ट. १९७४ साली ती सोळा वर्षांची, आईबरोबर दारापाशी दोरी विकायची. तेव्हा इमारत नवीकोरी वाटायची, समोर सगळी काच, आणि वर गच्ची. रविवारी लोक घरून भात-कोंबडीचं पातेलं घेऊन गच्चीवर यायचे. "जायचं कोणालाच नसायचं," मावशी सांगायची. "नुसती विमानं बघायची. विमान उडालं की पोरं टाळ्या वाजवायची, आणि आई म्हणायची, बघा रे, आपल्याला न विचारता गेलं." जंगलाकडं, इकितोसला जाणारे लोक पुठ्ठ्याच्या खोक्यातून जिवंत पिल्लंसुद्धा न्यायचे. खोक्याला भोकं पाडून दोरी कशी बांधायची, हे मावशी तेव्हाच शिकली.

मग बंडखोरांच्या बाँबचे दिवस आले. गच्चीला कुलूप लागलं, ते परत उघडलंच नाही. दारात सैनिक. ते बॅग जमिनीवर उलटी करायचे, बंदुकीच्या टोकानं कपडे ढवळायचे आणि म्हणायचे, भर. विमानाची वेळ झालेली, बाई रडत चोळ्या गोळा करतेय. मावशी गुडघ्यावर बसायची आणि दोन मिनिटांत सगळं आत. "मी बॅग भरायला लष्कराकडून शिकले," असं ती सगळ्यांना सांगायची. गुडघे मात्र तेव्हापासून गेले.

मग सगळेच निघाले. इटली, स्पेन, जपान, चिले. एका माणसाला सोडायला अख्खी बस भरून माणसं. गच्ची बंद, म्हणून लोक काचेला चिकटून उभे राहायचे. संध्याकाळी झाडूवाल्या बडबडत काच पुसायच्या, कारण काचेवर नुसती कपाळं उमटलेली असायची. वजनकाटा त्याच वर्षांतला.

त्यानंतर मोठी कंपनी आली, तोडफोड झाली, नवा हॉल, सरकते जिने, खाण्याची दुकानं. तिकीट असेल तोच पुढं जाणार. मावशीची जागा आधी हॉलमध्ये होती, मग जिन्याखाली, मग दाराबाहेर खांबापाशी, मग गाड्यांच्या रांगेला लागून. "इमारत अंगानं भरत गेली," ती म्हणायची, "आणि मी बिछान्याच्या कडेला आले." पण ती तिथंच राहिली. एकावन्न वर्षं. कारण तिला राहणं भागच होतं.

कारण असं. बॅगेतून काढलेलं सामान घरचे परत नेतात. पण ज्याला सोडायला कोणीच आलेलं नाही त्यानं काय करायचं? तो मावशीकडं बघायचा. मावशीचा नियम ठरलेला. "खायचं असेल ते मी खाणार. बाकीचं तू परत येशील तेव्हा इथून घेऊन जायचं. याच दारावर." झाडूवाल्यांनी तिला झाडू ठेवायच्या खोलीतली एक फळी दिलेली. त्यावर इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, मुलाचा एकच बूट, संत सारिताची तसबीर, कोणाच्या तरी बापाची पितळी तुतारी. मावशी लिहून काही ठेवायची नाही. प्रत्येक वस्तू, कोणाची, कुठं गेला, काय घातलं होतं, सगळं तोंडपाठ. लोक यायचेसुद्धा. दोन वर्षांनी, नऊ वर्षांनी. दाराबाहेर पडून इकडं तिकडं बघत, आणि मावशी लांबूनच ओरडायची, "ए घड्याळवाल्या! किती जाडा झालास रे!"

सगळ्यात जड वस्तू म्हणजे एक बातान. मिरच्या वाटायचा दगडी पाटा. २००८ साली नेलिदा नावाची बाई तो मिलानला घेऊन निघाली होती. आईचा पाटा. अकरा किलो दोनशे. मावशीनं काढला तेव्हा ती पाट्यावर हात ठेवून खाली बसली आणि उठेचना. मावशी म्हणाली, "पोरी, दगडाला काय होतंय? दगड थांबतो. मीपण थांबते."

आता माझ्याकडं येते.

धावपट्टीच्या पलीकडं नवीन टर्मिनल बांधत होते. उघडणार उघडणार म्हणून तारखा यायच्या आणि पुढं जायच्या. आमच्याकडं तारीख म्हणजे काय ते आम्हाला जन्मापासून माहीत आहे. आमच्या वस्तीतला, बोकानेग्रातला पूल माझ्या बारशाला उघडणार होता. टॅक्सीवाला रोलांदो एकटाच म्हणत राहिला की या वेळी खरंच उघडणार. मी म्हटलं, "आधी आपली कायाओची गुलाबी फुटबॉल टीम चॅम्पियन होईल." त्यानं अख्ख्या भाजलेल्या कोंबडीची पैज लावली. सगळ्यांसमोर. मी हातावर टाळी दिली.

त्याच दिवसांत एलेउतेरिओ काकांनी सांगितलं की नव्या टर्मिनलवर बाहेरच्या लोकांपैकी बारा जणांना पास मिळणार. ज्याला हवा त्यानं अर्ज द्यायचा, शुक्रवारपर्यंत. काका खोकल्यानं घरीच पडलेले, व्हेंतानियाला. अर्ज त्यांच्या घरी पोचवायचे, पुढं त्यांची मुलगी सगळे एकदम नेऊन देणार. मंगळवारी मावशीनं मला कागद दिला. अंगठा जांभळा झालेला तिचा. आमच्याकडं सहीला कोण विचारतो, अंगठ्याशिवाय कागद खरा नसतो.

"तुला पाय आहेत, सुकडे. देऊन ये."

मी कागद जाकिटात ठेवला. व्हेंतानिया काय चंद्रावर नाही, बसनं पाऊण तास. बुधवारी गेले नाही. गुरुवारी निघाले होते, तर रोलांदो ओरडला, "काय गं, अर्ज द्यायला चाललीस? म्हणजे उघडणार हे तुला पटलं. कोंबडी आण मग!" सगळे हसले. मी परत फिरले.

बस. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर मलाच बरं वाटलं असतं. कागद दिला तर मी हरले असं दिसलं असतं, म्हणून दिला नाही. आणि मला खरंच वाटत होतं की टर्मिनल उघडायचंच नाही.

शनिवारी मावशीनं विचारलं, "दिलास?"

"दिला," मी म्हटलं.

एक जूनला, रविवारी, उघडलं.

त्या सकाळी मावशी इस्त्रीचा ब्लाउज घालून जुन्याच दारावर बसली होती. चुकून तिथंच आलेले प्रवासी बॅगा ओढत धावत होते आणि ती त्यांना हातवारे करून रस्ता सांगत होती, "तिकडं! त्या बाजूला! पळू नकोस, गाडी कर, चालत रस्ताच नाही!" अकराच्या सुमाराला एलेउतेरिओ काका आले. गळ्यात बाराही पास माळेसारखे.

त्यांनी नावं वाचली. मावशीचं नव्हतं.

"वरून कापलं असेल गं सेनाइदा," काका म्हणाले. "तिसाच्या वर अर्ज गेले. पोरीनं नेले, मी तर बघितलेही नाहीत."

मावशीनं जरा विचार केला. "वय बघितलं असेल. सदुसष्ट. मी तरी मला कशाला घेतलं असतं?"

मी तिच्यापासून हातभर लांब उभी होते. हात खिशात. कागद बोटांना लागत होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी रस्त्याकडं बघून ओरडायला लागले, "टॅक्सी, टॅक्सी."

दुपारी रोलांदोला कोंबडी खाऊ घातली. त्यानं मला मांडीचा तुकडा दिला. मी तो परत त्याच्याच ताटात ठेवला.

फळीवरचं सामान त्याच आठवड्यात रोलांदोच्या गाडीतून बोकानेग्राला, मावशीच्या घरी नेलं. पलंगाखाली लावलं. पाटा मीच उचलून नेला. मला वाटलं ती रडेल. रडली नाही. ती म्हातारी व्हायला लागली. म्हणजे तसंच, दुसरं कसं सांगू? केस रंगवायचं सोडलं. नवऱ्याची जुनी काठी काढली. शेजारणीनं विचारलं की मावशी, आज गेली नाहीस, तर म्हणायची, "नाही गं, आता नाही घेत मला. झालं वय." कोणी बसायला स्टूल दिलं तर बसायची. आधी कधी बसायची नाही ती दुसऱ्याच्या स्टुलावर. मी रोज जायचे, पाव न्यायचे. ती म्हणायची, "तू चांगली आहेस, सुकडे. तू नसतीस तर." पाव तिथंच ठेवून मी निघायचे.

सांगायचं तर रोज ठरवायचे. दारापर्यंत ठरलेलं असायचं.

तिला एकाच गोष्टीचा घोर होता. "माणसं येतील आणि त्या दुसऱ्या दारातून बाहेर पडतील. मी म्हटलं होतं याच दारावर. शब्द मी दिलाय, दारानं नाही दिला."

नवं टर्मिनल बघितलंत? पांढरं, एवढं मोठं की तोंडातून हाक निघते आणि कुठं जाते कळत नाही. आम्हाला गार्ड मिनिटाला हाकलतात. फरशी अशी चकाकते की मला माझे बूट खालूनही दिसतात. काच आहे, पण काचेपलीकडं नुसती दुकानं. कपाळ लावून बघायचं कोणाला?

जुलैत स्वातंत्र्यदिनाच्या सणाला परदेशातली माणसं घरी येतात. मी एक पुठ्ठा घेतला. ड्रायव्हर लोक साहेबांची नावं लिहून उभे राहतात तसं त्यावर लिहिलं: "मिलान. पाटा. सेनाइदा." आणि मिलानची माणसं ज्यातून येतात ते माद्रिदचं विमान आलं की बाहेर यायच्या दारासमोर उभी राहायला लागले.

"काय गं," रोलांदो म्हणाला, "दगडाला टॅक्सी लागणार आहे?"

"तोंड बंद ठेव नाहीतर तुलाच डिकीत घालीन."

"एवढं काय झालंय तुला? म्हातारी तुझी सख्खी मावशी नाही."

मी पुठ्ठा त्याच्या डोक्यात घातला. नवव्या दिवशी एक जाडी बाई ट्रॉली ढकलत माझ्यासमोर आली आणि थांबली. पुठ्ठा वाचला. परत वाचला.

"पोरी, हे तू कोणासाठी लिहिलंयस?"

"तुमचं नाव नेलिदा आहे का?"

तिनं ट्रॉली सोडून दिली. ट्रॉली आपली आपण चालत गेली, रोलांदोनं धावत पकडली. "माझ्या आईचा पाटा," ती म्हणाली. "बाहेर पडले तर दारच वेगळं. म्हटलं, गेला."

गाडीत ती सगळा वेळ बोलत होती. सतरा वर्षं कागदपत्रांशिवाय तिथं म्हाताऱ्यांची सेवा केली, आता कागद मिळाले, आता येता आलं. कागद म्हटलं की माझा हात जाकिटाकडं जायचा.

मावशीनं दार उघडलं, काठी टेकत. एक क्षण बघितलं. "हिरवा स्वेटर," ती म्हणाली. "एक बटण तुटलेलं. तू सकाळपासून काही खाल्लं नव्हतंस."

दोघी पलंगाखाली वाकल्या. पाटा निघाला. मावशीनं हट्टानं तो दोरीत बांधून काट्याला लावला. अकरा किलो दोनशे. "बघ," ती म्हणाली, "एक मिरचीसुद्धा कमी नाही." नेलिदा हसत होती, नाक पुसत होती. मग सहज म्हणाली, "आता तुम्ही त्या नव्या दारावर बसत असाल. मी जाताना येतेच बॅग घेऊन."

"नाही गं. म्हातारीला नाही घेतलं त्यांनी."

"त्यांनी नाही, मावशी," मी म्हटलं.

जाकिटातून कागद काढून मी पलंगावर ठेवला. घड्या पडून मधोमध फाटायला आलेला. "मी दिलाच नाही. दिला म्हणून खोटं बोलले. रोलांदोशी पैज होती."

मावशीनं कागद उचलला, उलगडला. आपल्याच अंगठ्याच्या ठशाकडं बघत राहिली. नेलिदानं पाटा मांडीवर ओढून घेतला, जणू काही होणार आहे. मला वाटलं मावशी काठी उचलेल. उचलली असती तर बरं झालं असतं.

"जागेचं जाऊ दे," ती शेवटी म्हणाली, हळू. "पावणेदोन महिने मी गल्लीभर सांगत फिरले, मी म्हातारी झाले. मला तसं वाटायला लागलं होतं. रात्री उठून मी माझे हात बघायचे. ते तू केलंस."

मी तिच्या हातातून कागद परत घेतला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी व्हेंतानियाला गेले. एलेउतेरिओ काका कागदाकडं बघून म्हणाले, "आता आणतेस? पुढची यादी होईल तेव्हा होईल. तारीख विचारू नकोस, तुला तारखांचा काय अनुभव आहे ते अख्ख्या विमानतळाला ठाऊक आहे." पण कागद ठेवून घेतला. पुढं काय होईल मला माहीत नाही.

मावशीनं मला हाकललं नाही. मी गेले की दार उघडते. तिनं काठी सोडली, केसही रंगवले, पण ते माझ्यामुळं नाही, माझ्यावरच्या रागानं. पहिल्याच दिवशी तिनं मला पलंगासमोर जमिनीवर बसवलं आणि एकेक वस्तू काढून पाठ करायला लावली. कोण, कुठं गेला, काय घातलं होतं. चुकले की परत पहिल्यापासून. सव्वीस वस्तू. शाळेत मी एक कविता पाठ केली नव्हती.

आता मी रोज पुठ्ठा घेऊन उभी असते. पुठ्ठ्याच्या पाठीमागंही लिहिलंय. आत्तापर्यंत पाट्यानंतर दोन माणसं सापडली. तुतारीवाल्याचा मुलगा, आणि इस्त्रीवाली. इस्त्रीवालीला इस्त्री नको होती, पण ती मावशीला भेटायला आली आणि दोन तास बसली.

परवा तुतारीवाल्याच्या मुलाला घेऊन गेले तेव्हा मावशीनं तुतारी पुसून त्याच्या हातात दिली. तो गेल्यावर माझ्याकडं वळून म्हणाली, "घड्याळ चिलेला गेलंय की जपानला?"

"जपानला. नागोया. तपकिरी टोपी. दुसरा घड्याळवाला. पहिला जाडा झालेला, तो घेऊन गेला."

"बरोबर," ती म्हणाली. "उद्या जपानचं बघ, याहाइरा."

अजून याहाइराच म्हणते, सुकडी नाही.